हरळी मारायची रीत

बालवाडीतल्या एका मुलीची हनुवटी फुटली तेव्हा आमच्या अंगणात मुरूम होता. तीन टाके पडले. तिची आई दुसऱ्या दिवशी आली. भांडली वगैरे नाही, एवढंच म्हणाली, "बाई, खाली काहीतरी मऊ टाका. तसं झाल्याबिगर मी काय पाठवत नाही." तिच्यामागोमाग आणखी दोघी तेच सांगून गेल्या.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जालन्यात जुन्या वस्तीबाहेर नवे प्लॉट पडत होते, त्यातल्या एकावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढची खोली आणि अंगण मिळून माझी बालवाडी. सोळा-सतरा मुलं. खोलीत सगळी एकदम मावत नसत, म्हणून निम्मी आत आणि निम्मी बाहेर असं आलटून पालटून चालायचं. अंगण वापरता आलं नाही तर बालवाडी बंद करावी लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

नवऱ्याचं म्हणणं होतं की शहाबादी फरशी टाकावी. झाडली की स्वच्छ, चिखल नाही, कटकट नाही. मी म्हणाले, फरशीवर पडलं तर मुरमापेक्षा जास्त लागतं, आणि मार्चनंतर सकाळी दहालाच पाय पोळतात. मला हिरवळ लावायची होती.

तो हसला. "जालन्यात हिरवळ! नळ सहाव्या दिवशी येतो आपल्याकडे."

"माहीत आहे."

"मग ठरव. पुढच्या जूनमध्ये बालवाडी उघडेल तेव्हा ती हिरवी दिसली तर राहील. वाळलेली दिसली तर मी फरशी टाकणार, मग काही बोलायचं नाही."

मी कबूल केलं. माणूस वाईट नव्हता. त्याला सोपी गोष्ट आवडायची आणि गवत सोपं नव्हतं.

एका सरकारी वसाहतीतल्या माळ्याकडून दोन पोती गवताच्या काड्या आणल्या. बारा बाय पंधरा फुटांची जागा खणून मुरूम बाजूला केला. सासऱ्यांच्या गावाहून, टेंभुर्णीकडून, एक ट्रॉली काळी माती मागवली. मातीचं कारण मात्र कळवलं नाही. श्रावणात काड्या दाबल्या आणि दिवाळीपर्यंत जागा हिरवीगार झाली. हनुवटीवाल्या मुलीची आई येऊन बघून गेली. "हां, हे बराबर आहे," म्हणाली, पण मुलीला लगेच पाठवलं नाही. उन्हाळा निघू दे म्हणाली. ती माझ्या नवऱ्यासारखाच विचार करत होती.

पाणी मी रोज घालत होते. माझं माहेर आष्टीचं. तिथे उजाडायच्या आत अंगणात सडा टाकायची पद्धत आणि सडा म्हणजे हाताने लांबवर फेकलेलं पाणी, सगळीकडे सारखं. ते मला उत्तम जमायचं. धुण्याच्या शेवटच्या खळबळीचं आणि आंघोळीचं पाणी बादल्यांत धरून ठेवायचं आणि सकाळी चार बादल्या गवतावर शिंपडायच्या. गवत चमकायचं. फेब्रुवारीपर्यंत मला वाटत होतं की आपल्याला सगळं समजलेलं आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढलं आणि गवत मधूनमधून पिवळं पडू लागलं. मी संध्याकाळीही दोन बादल्या शिंपडायला लागले. पिवळं पडणं थांबलं नाही. त्यातच शेजारीण भिंतीवरून बोलली, "काय हो बाई, आम्ही हंडे मोजून राह्यलो अन् तुमच्या गवताची दिवसातून दोनदा आंघोळ!" मी तिला बोलावून बादलीतलं पाणी दाखवलं. तिने वास घेतला आणि नाक दाबलं. "असलं पाणी तर मी रोज मोरीत घालते," म्हणाली आणि निघून गेली.

त्याच आठवड्यात सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, आणि डॉक्टरांची ताकीद की दीड महिना खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जोरात शिंकायचं नाही. शिंकेवर कुणाचा ताबा असतो हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. सासरे पायरीवर खुर्ची टाकून बसत.

ते जन्मभर शेतकरी. बोलणं कमी आणि बोलले तर शेतावर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकल्यासारखं गवतावर पाणी टाकत होते, तर त्यांनी विचारलं, "सूनबाई, काय लावलं तिथं? मला निस्तं हिरवं हिरवं दिसून राह्यलं."

"गवत आहे, मामा. मुलांना खेळायला."

"कोणतं गवत?"

मी एक काडी तोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, पेरं मोजल्यासारखी केली, मोडून नाकाशी नेली.

"ही हरळी हाये."

"हो."

"कुठून आली?"

"आणली. दोन पोती."

"दोन पोती हरळी," ते म्हणाले. "इकत आणली? अन् मपल्या वावरातली माती आणून तिच्यात लावली?" त्यांनी आत तोंड करून मुलाला हाक मारली. "अरे, हिकडं ये! तुझ्या आज्यानं हरळीपायी दोन वर्सं वावर पडीक ठिवलं व्हतं. मपली पाठ गेली खंदून खंदून. अन् तुझ्या बायकोनं अंगणात हरळीला पाळणा बांधला."

नवरा बाहेर आला आणि मनापासून हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला त्याच्या बाजूचा माणूस मिळाला होता.

त्यानंतर दोन दिवस सासऱ्यांची फार तगमग झाली. समोर हरळी, आणि वाकायची बंदी. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात मांडीवर खुरपं धरल्यासारखा हलायचा. मी ते पाहत होते आणि पाणी शिंपडत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "रोज असंच घालती का पाणी?"

"रोज. आता दोनदा."

"मंग घाल," ते म्हणाले. "घाल असंच. वैशाखापत्तुर खंदायची गरज न्हाई. बिलकुल साफ व्हईल."

मी बादली खाली ठेवली. त्या घडीला मला कळलं की पायरीवर बसलेल्या या माणसाला या गवताबद्दल माळ्यापेक्षा जास्त माहिती आहे. फक्त ती उलट्या कामासाठी जमवलेली आहे. हिरवळ कशी राखायची असं विचारलं असतं तर त्यांनी चष्म्याआडून दुसरीकडे पाहिलं असतं. म्हणून मी चहा आणून दिला आणि विचारलं, "मामा, हरळी मारायची कशी?"

ते एकदम खुलले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच सलग बोलले.

"वरून कापून मरत न्हाई ती. चार दिवसांत डोकं काढती. तिचा जीव खाली. वावरातली हरळी हातभर खाली जाती. पावसाचं पाणी खाली मुरतं ना, ती त्याच्या मागं मागं जाती. एकदा खाली गेली की वर कितीबी ऊन पडू दे, तिला फिकीर न्हाई. म्हणून मारायची तर ऐन उन्हाळ्यात मुळ्या उपटून वर आणायच्या. वर आली की उन्हानं मेली. दुसरी रीत न्हाई."

"म्हणजे मुळ्या वर असल्या की मरते."

"मंग! ती मेहनत आमी करतो. तू तर रोज घोटभर पाणी पाजून तिला वरच बसवली. खाली कामून जाईल ती? बसल्या जागी भेटून राह्यलं."

मी आतून छत्रीची एक सुटलेली काडी आणली आणि गवतात खुपसली. चार बोटं गेली आणि अडली. खाली माती दगडासारखी होती. सहा महिने रोज पाणी घालून मी चार बोटं जमीन ओली केली होती, आणि त्यातलं निम्मं पाणी दुपारी उडून जात होतं.

त्या दिवसापासून मी सासऱ्यांना फक्त मारण्याबद्दल विचारायचे आणि ते जे सांगतील त्याच्या उलट करायचे. त्यांना ते कळत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. कळत असावं. कारण एकदा स्वतःच म्हणाले, "गव्हाला कसं, बारा-पंधरा दिवसांनी पाण्याची पाळी देतो. भरून देतो. रोज पाणी शिंपडून गहू येतो का?"

शिंपडणं बंद केलं. दोन लोखंडी ड्रम आणले आणि रोजच्या चार बादल्या त्यांत साठवायला लागले. साबणाचं पहिलं पाणी मोरीत, शेवटचं ड्रममध्ये. डास होऊ नयेत म्हणून तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं. गवताच्या जागेत मातीचे वीतभर उंचीचे बांध घालून चार वाफे केले. सहाव्या दिवशी नळ येऊन हौद भरला की त्याच पहाटे ड्रम रिकामे करायचे. मस्तगडाच्या बाजारातून आणलेला रबरी पाइप ड्रममध्ये सोडायचा, तोंडाने ओढून धार चालू करायची, एक वाफा निम्मा भरायचा, मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि तोपर्यंत पहिल्याने पाणी पिऊन टाकलेलं असे, की पुन्हा पहिल्यापासून. एकदम भरलं तर काळ्या मातीवर पाणी नुसतं उभं राहतं किंवा भेगेतून पळतं. थांबून थांबून दिलं तर मुरतं. उजाडेपर्यंत काम संपवायचं. पाणी आधी लागत होतं तेवढंच लागत होतं. एक बादली जास्त नाही.

पाणी त्याच पहाटे द्यायचं की एखादा दिवस थांबायचं, याचीही एक खूण होती. ती सासऱ्यांच्या पायाला माहीत होती, डोळ्याला त्या वेळी दिसत नव्हतं. ते चप्पल काढून गवतावर चार पावलं चालत आणि मला म्हणत, "बघ, उठली का?"

मी वाकून बघायचे. "उठली."

"मंग आज न्हाई."

पुढच्या दिवशी पुन्हा. "उठली का?"

"अर्धवट. पाऊल दिसतंय अजून."

"रंग?"

"काळपट-निळसर झाला आहे."

"मंग उद्या दे. आज मागून राह्यली, मागू दे. मागितल्याबिगर खाली जात न्हाई." आणि लगेच भानावर आल्यासारखे, "म्हंजे, मारायची असंल तर देऊ नको."

पहिले तीन आठवडे गवत आधीपेक्षा वाईट दिसलं. नवरा रोज फाटकातून आत येताना एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचा. मी छत्रीची काडी रोज खुपसत होते. चारची सहा बोटं झाली, मग वीत. सासरे दुसऱ्या तपासणीनंतर गावी गेले. जाताना म्हणाले, "इळ्यानं लई खाली कापू नको. डोक्याची सावली पायजे तिच्या बुडाला." मारण्याच्या कोणत्या रीतीत हे बसतं ते त्यांनी सांगितलं नाही.

एप्रिल बरा गेला. शेजारीण एकदा येऊन म्हणाली, "माझंबी खळबळीचं पाणी घेत जा, पण चतुर्थीच्या दुर्वा मला." हरळी म्हणजे दुर्वाच, तेव्हा सौदा ठरला आणि तिच्या घरची एक बादली रोज भिंतीवरून येऊ लागली. तिने आधी काय म्हटलं होतं त्याची मी तिला आठवण करून दिली नाही, कारण बादली महत्त्वाची होती.

मे महिन्यात नळ सहाव्याचा दहाव्या-अकराव्या दिवशी यायला लागला. आंघोळी अर्ध्या बादलीवर आल्या, धुणं एक दिवसाआड. ड्रम भरेनात. हौदातलं पाणी गवताला द्यायचं नाही हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं आणि ते मोडलं नाही. मेच्या मध्यावर गवत कडब्याच्या रंगाचं झालं. पायाखाली करकरायचं. एक हिरवी काडी औषधालाही नव्हती.

नवऱ्याने टोमणा मारला नाही, हे खरं. हातगाड्यावरून फरशा आणल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या. गवंडी सोमवारी येणार होता. मी दोन पालकांना सांगून टाकलं की जूनमध्ये मी निम्मीच मुलं घेईन. कुणाची घ्यायची आणि कुणाची नाही, ती यादी करायला बसले आणि पाच नावांवर नकाराची खूण करून पेन्सिल ठेवून दिली.

रविवारी सकाळच्या एसटीने सासरे आले. चष्म्याचा नंबर काढायचा होता, आणि डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली होती. फाटकातून आत आल्यावर त्यांनी आधी फरशांकडे पाहिलं, मग गवताकडे.

"गेली ना, अण्णा," नवरा म्हणाला. "उद्या गवंडी येतोय."

"कोण गेली?"

"हरळी. तुमच्या मनासारखं झालं."

सासऱ्यांनी पिशवी ठेवली आणि पहार मागितली. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. कोपऱ्यातल्या वाफ्यात उकिडवे बसून त्यांनी खड्डा घेतला. वरची दोन बोटं माती भुरभुरीत. वीतभर खाली गेल्यावर त्यांनी पहार ठेवली आणि हाताने उकरायला सुरुवात केली. तिथे माती थंड होती. त्यांनी एक मुळी ओढली. ती तुटेना. दुसरी ओढली. ती पेरासकट आली, गोगलगायीच्या पोटासारखी पांढरी. त्यांनी ती दातांनी मोडली आणि मुलाच्या तोंडासमोर धरली.

"बघ. ओली हाये. मेलेली काळी अन् पोकळ असती. ही हातभर खाली गेल्ती, तिथंच बसून हाये."

"पण वर तर..."

"वरचं टाकून दिलं तिनं. पाणी न्हाई म्हणल्यावर कशाला पोसंल?" मग भिंतीकडे हात करून म्हणाले, "टाक तू फरशी. खुशाल टाक. सांधीसांधीतून डोकं काढंल. मंग फरशीबी तुझी अन् हरळीबी तुझी. दर महिन्याला चिमट्यानं उपटत बस."

नवरा खड्ड्यात बघत उभा राहिला. त्याला वडिलांचं इतर काही पटो न पटो, हरळीबाबतचं त्यांचं बोलणं तो लहानपणापासून खरं होताना बघत आला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मग या फरशांचं काय करू?"

मी म्हणाले, "मागे धुण्याच्या जागी टाक. तिथे चिखल होतो. आणि उतार ड्रमकडे काढायला सांग."

सोमवारी गवंडी आला आणि फरशी मागे बसली. उतार नीट काढला होता, त्यामुळे खळबळीचं पाणी आता आपोआप ड्रमजवळच्या खळग्यात यायला लागलं आणि वाया जाणं थांबलं. आठ दिवसांत दोन्ही ड्रम भरले. पहाटे उठून चारही वाफे थांबून थांबून भरले. पाचव्या दिवशी वाळक्या काड्यांतून हिरवी टोकं वर आली, सुईसारखी, सगळ्या वाफ्यांत एकदम. आणखी एकदा पाणी दिलं. बालवाडी उघडायच्या दिवशी अंगण हिरवं होतं. हनुवटीवाल्या मुलीची आई दारात उभी राहिली, चपलेने गवत दाबून बघितलं आणि मुलीचा हात सोडला. यादीतल्या पाच नावांवरच्या खुणा मी खोडरबराने पुसल्या.

सासरे अजून होते. नंबर काढणं लांबत गेलं होतं आणि चष्मा तयार व्हायला अजून चार दिवस लागणार होते. पहिल्या दिवशी मुलं गवतावर लोळत असताना ते कुदळ घेऊन बाहेर आले आणि गवताच्या कडेने चर खणायला लागले. वीतभर रुंद, दोन वीत खोल, चारही बाजूंनी. दुपारपर्यंत खणत होते.

"मामा, हे कशाला?" मी विचारलं.

"तुळशीकडं निघाली ती. अन् तुझी मेथी तिकडं हाये. तुला आजून म्हाईत न्हाई ती काय चीज हाये." मग त्यांनी कुदळ टेकवली आणि थेट गवताला म्हणाले, "आत काय नाचायचं ते नाच. चराच्या बाहेर आली तर मपल्याशी गाठ हाये."

पुढे ते दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी यायचे आणि चर साफ करून जायचे. गवतावर मात्र कधी बसले नाहीत. मुलं ओढायची, तरी खुर्चीवरच बसत. आता चर मी साफ करते. मेच्या शेवटी, पहाटेचं पाणी देण्याआधी, कारण कोरड्या मातीत कुदळ सरळ जाते आणि पलीकडे निघालेल्या मुळ्या स्पष्ट दिसतात. त्या मी उपटून फरशीवर उन्हात टाकते. दोन दिवसांत मरतात.